आईला फावलं

"मामा ऑफ थई गया," असं फोनवरचा माणूस म्हणाला, तेव्हा मी बडोद्यात, वासण्याच्या आमच्या घरात ऑफिसचा डबा भरत होते. मला आधी आठवले ते माझे सख्खे मामा. मांडवीजवळ राहतात, आदल्याच दिवशी त्यांच्याकडून वाटीभर श्रीखंड आलं होतं. बडोद्यात कुणी गेलं की 'ऑफ झाले' म्हणायची पद्धत आहे, आम्ही मराठी माणसंही तसंच म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ लगेच लागला. घोटाळा झाला तो दुसऱ्या शब्दाचा. मी विचारलं, "कया मामा?" म्हणजे कोणते मामा. पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर... मग तो म्हणाला, "बेन, हुं नैरोबीथी बोलुं छुं. तमारां मम्मीनी दुकानमांथी." केनियात कुठल्याही मोठ्या बाईला मामा म्हणतात. आई तिकडे रुळल्यावर एकदा फोनवर तिनं हसत सांगितलं होतं, "मने, बाई म्हणून गेले आणि इथं येऊन मामा झाले बघ." हा विनोद आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं चालला. त्या सकाळी तोच विनोद अंगावर आला. क्षणभर मी मामांसाठी रडायच्या तयारीत होते आणि मनात कुठेतरी, आई नाही ना, मग ठीक... असंही येऊन गेलं होतं. मग सगळं कळलं. डबा तसाच उघडा राहिला.

गेल्या काही आठवड्यांत भेटायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलला. "पोरीसाठी परदेशात राबली बिचारी." मी मान हलवत राहिले, कारण दारात आलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. पण कागदावर घालायला हरकत नाही. माझी आई शालिनी शिर्के राबली, हे खरं. बिचारी ती कधीच नव्हती. आणि ती माझ्यासाठी गेली नव्हती.

आमचं घराणं शिलेदारांचं. पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडा जाऊन जमाना झाला, लगामसुद्धा उरला नाही, पण घरातला ताठा अजून घोड्यावरच बसलेला. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. आई पुढच्या खोलीत मशीन टाकून शिवायची. ब्लाउज, परकर, शाळेचे फ्रॉक हे बारा महिने, पण तिचा खरा हंगाम नवरात्राचा. मांडवीतल्या एका दुकानदाराकडून चणिया-चोळीच्या कापडाचे गठ्ठे यायचे आणि दोन-तीन महिने आमच्या घरात बसायला जागा नसायची. घागऱ्याच्या कळ्या कापण्यात तिचा हात असा होता, की समोरच्या बाईकडे एकदा नीट बघून ती मापाची टेप बाजूला ठेवायची. गरब्याला गेली तरी फेर बघायची नाही, घेर बघायची. कुणाचा घागरा गिरकीत नीट उघडला नाही की म्हणायची, "कापड चांगलं होतं हो, कापणाऱ्यानं मारलं." घरात आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. शेजारी सासूसुनांची भांडणं चालली तरी हिचं लक्ष सुनेच्या ब्लाउजच्या बाहीकडे.

रमाबेन नावाच्या बाई भाचीच्या लग्नासाठी नैरोबीहून बडोद्याला आल्या, तेव्हा मी आठवीत होते. त्यांचं तिकडं लग्नाच्या कपड्यांचं मोठं दुकान होतं. भाचीसाठी घेतलेला घागरा त्यांनी उलटा करून आतली शिवण पाहिली आणि दुकानदाराला विचारत विचारत आमच्या क्वार्टरपर्यंत आल्या. आईशी तासभर बोलल्या. रात्री जेवताना आई म्हणाली, "मला तिकडं कटिंगला बोलावतायत. दोन वर्षांचा परवाना काढून देणार." बाबांचा घास हातातच राहिला. मी इकडून तिकडे बघत होते. मग घास ताटात ठेवून बाबांनी विचारलं, "तुला जायचंय?" आई म्हणाली, "हो."

एवढंच. मनीच्या शिक्षणासाठी, घर बांधण्यासाठी, असलं ती काही बोलली नाही. आमचं काही अडलेलं नव्हतं. बाबांची नोकरी पक्की होती. तो सगळा काळच असा होता, की रोज काहीतरी बाहेरचं देशात येत होतं, नव्या गाड्या, नवे चॅनेल, नवी बिस्किटं... आमच्या घरातून मात्र बाहेर गेली ती आई. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "जा. पण मनीकडे बघायला ताईला बोलावू."

ताई म्हणजे माझी आत्या. बाबांची आई लवकर गेली, त्यांना आत्यानंच वाढवलं. लग्न होऊन ती पुण्याला गेली होती, मूलबाळ नव्हतं, तिचे यजमान वारले होते. बाबांच्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती ट्रंक घेऊन आली आणि आईला म्हणाली, "शालिनी, शिलेदाराच्या सुनेनं लोकांचे घागरे शिवायला समुद्रापलीकडे जावं, हे मला पटलेलं नाही. पण माझ्या भावानं सांगितलंय म्हणून आले." आई तिच्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी गेली.

क्वार्टरमध्ये फोन नव्हता. समोरच्या पटेलकाकांचा नंबर आमचा पी. पी. नंबर. रविवारी सकाळी आईचा फोन यायचा आणि पटेलकाकी ओटल्यावरून ओरडायच्या, "मनीषा, आफ्रिका!" आम्ही तिघं धावायचो. आधी बाबा, मग मी, आणि शेवटी, लाइन तुटली नाही तर, आत्या. आवाज जाऊन परत यायला वेळ लागायचा, त्यामुळे सगळे एकमेकांवर ओरडायचे. सुरुवातीचे महिने आईचा आवाज खोल गेलेला असायचा. थंडी फार आहे म्हणायची, आफ्रिकेत थंडी असते हे आम्हाला खोटंच वाटायचं. मग हळूहळू आवाज बदलला. ती भराभर बोलायला लागली, मध्येच गुजराती, मध्येच तिकडचा एखादा शब्द. आणि एका रविवारी आत्याच्या हातात रिसीव्हर असताना ती ओरडून म्हणाली, आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "वन्सं, मला इथं चांगलं फावलंय!"

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गुजरातीत 'फावे छे ने?' म्हणजे 'जमतंय ना, रुळलीस ना?' बडोद्याचा मराठी माणूस ते सर्रास तसंच वापरतो. नवी नवरी सासरी गेली की तिला विचारतात, "फावतंय ना गं?" नवी चप्पल घेतली तरी विचारतात. पण पुण्यात एखाद्याचं फावलं म्हणजे त्यानं संधी साधली, कुणाचं लक्ष नसताना आपलं भलं करून घेतलं. आत्यानं रिसीव्हर बाबांच्या हातात दिला आणि एक शब्द न बोलता घरी निघून गेली.

दुपारी ताटं वाढताना ती म्हणाली, "ऐकलंस ना? फावलंय म्हणाली. नवरा इथं, पोर इथं, आणि हिचं फावलंय."

बाबा हसले. "ताई, काय तू! तू बडोद्याचीच ना? आपल्याकडं म्हणतात तसं ती म्हणाली."

"मला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत," आत्या म्हणाली. "म्हणून तर सांगते."

त्या वाक्यानं आमच्या घरात जे शिरलं ते पुढे वर्षभर निघालं नाही. आत्या वाईट बाई नव्हती. माझी वेणी घालायची, माझा अभ्यास घ्यायची, ताप आला तर उशाशी बसून राहायची. पण कुणी आईची चौकशी केली की सांगायची, "तिला काय, तिचं फावलंय." नातेवाइकांत ते पसरलं. लग्नाकार्यात बायका मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवायला लागल्या, त्यावरून मला कळलं की माझं काहीतरी गेलंय. आत्यानं हळूहळू दुसरं काढलं, मनीला पुण्याला नेते, तिथं शाळा चांगल्या आहेत, इथं राहून पोरगी धड मराठी राहिली नाही. बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. रविवारी फोनवर मी आईला विचारायचे, "तू परत कधी येणार?" ती म्हणायची, "दिवाळीत येते गं." मी विचारत होते ते हे नव्हतं. रजेवर येणं आणि परत येणं यातला फरक मला कळत होता आणि तिलाही कळत असणार. सबंध आठवडा मी पुढच्या रविवारचे शब्द जुळवायचे आणि फोनवर सगळे विसरायचे.

ती दिवाळीत आली. केस कापलेले, अंगावर लोकरीचं जॅकेट, बडोद्याच्या ऑक्टोबरात! स्टेशनवर मी तिला ओळखलं ते चालण्यावरून. पाडव्याच्या दुपारी फराळ झाल्यावर ती खाली सतरंजीवर बसली होती, आत्या खाटेवर, बाबा खुर्चीत. मी स्वयंपाकघराच्या दारात. आई सरळ म्हणाली, "मनीला न्यायचं म्हणते. रमाबेननी शाळेचं विचारून ठेवलंय. यांनीही यावं, मी तर म्हणते."

"रेल्वेची नोकरी सोडून? बायकोच्या मागे?" आत्या म्हणाली.

"मग मनीला तरी."

"आणि तू परत यायचं नाव काढत नाहीस. का काढशील? तुझं तिथं फावलंय. तूच म्हणालीस, माझ्या कानात ओरडून म्हणालीस."

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तो रविवार तिला आठवला. बाबा घाईघाईनं पुढे झाले. "अगं शालू, तू आपल्या बडोद्याच्या अर्थानं म्हणालीस, हो ना? रुळले, जमलं, असं. सांग ना ताईला. उगाच एका शब्दावरून..."

किती सोपं होतं ते! एक 'हो' म्हणायचं, सगळ्यांनी हसायचं, आत्यानं "मेली तुमची गुजराती" म्हणायचं आणि चहा टाकायचा. माझा जीव टांगणीला लागला होता. मी दाराची कडी घट्ट धरून मनात म्हणत होते, म्हण, आई, हो म्हण, मग मला तुझ्याबरोबर जाता येईल... आई सतरंजीचा दोरा ओढत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "नाही हो. तेव्हा म्हणाले ते बडोद्याच्या अर्थानं. पण आज विचारताय तर सांगते, वन्सं म्हणतात तेही खरं आहे. दोन्ही अर्थानं फावलं. तिथं मला सकाळी कुणी विचारत नाही, आज काय करणार म्हणून. दुकानात गेले की कापड माझ्यासमोर टाकतात आणि बाजूला होतात. इथं मी भाजी फोडणीला टाकून मशीनवर बसायचे आणि मशीनवरून उठून भाजी बघायचे. तिथं मी सबंध दिवस एकच काम करते. मला ते सोडवत नाही."

बाहेर पटेलांच्या पोरांचे फटाके चालले होते. बाबा उठले, खिडकीपाशी गेले आणि तिकडं तोंड करून म्हणाले, "मनीची दहावी होऊ दे. मग बघू." ते 'मग' म्हणजे काय, हे आईला समजलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी आत निघून गेले.

निघायच्या दिवशी आत्यानं पहाटे उठून दशम्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि आईच्या पिशवीत ठेवताना म्हणाली, "तीस वर्षं पुण्यात काढली मी. एकदा कुणी विचारलं नाही मला, फावतंय का म्हणून. अगदी आपल्याकडच्या अर्थानंसुद्धा नाही." आई तिच्या गळ्यात पडली. त्या दोघी एकमेकींना धरून रडल्या आणि मी चिडून उभी होते. या दोघींचं आता जमलं, मग माझं काय? आत्यानं नंतर मला पुण्याला न्यायचं नाव काढलं नाही, आणि आईबद्दल वाकडा शब्दही नाही. पण बाबांनी ठरवलेलं ठरलं.

दहावीनंतर बारावी आली. बारावीनंतर मीच जाणार नाही म्हणाले. रागानं म्हणाले, आणि त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. त्या वयात आई हवी असते, ती नसली की राग येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ती दर दोन-तीन वर्षांनी यायची, माझ्या लग्नाचे सगळे कपडे तिनं तिकडून शिवून आणले आणि ते अंगावर असे बसले की बायका विचारत राहिल्या, माप कधी दिलंस? मी मापं दिली नव्हती. तिनं रमाबेनचं दुकान सोडून स्वतःचं लहानसं काढलं, मुली कामाला ठेवल्या. बाबा निवृत्त झाल्यावर एकदा जाऊन आले. हिवाळा संपायच्या आत परतले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "तिचं झकास चाललंय. मला नाही फावलं." आणि त्यावर आम्ही दोघं खूप हसलो. मला मात्र प्रत्येक भेटीत तिचं मराठी पातळ होत चाललेलं दिसायचं. आधी गुजराती शब्द यायचे, मग वाक्यंच. एकदा मला 'गं' म्हणायचं सोडून 'बेटा' म्हणाली. मी दिवसभर धुमसत होते. वाटायचं, तिथं ती कुणाची तरी मामा आहे, बेन आहे, मॅडम आहे. आमची आई तिनं कुठे ठेवली?

फोन आल्यावर व्हिसा मिळून मी पोहोचेपर्यंत तिचे अंत्यविधी उरकले होते. दुकानातच, कापायच्या टेबलाशी उभी असताना ती खाली बसली आणि गेली. बाबा येऊ शकले नाहीत. "तू जा, मी नाही बघू शकणार," म्हणाले. माझ्या लग्नानंतर पुण्याला परतलेल्या आत्यानं फोन करून, त्रास नाही ना झाला तिला, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. मी एकटी नैरोबीला गेले, आयुष्यात पहिल्यांदा. रमाबेनच्या मुलानं मला दुकानापाशी सोडलं. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, ओळीनं मशिनी, खिडकीशी ते लांब टेबल. मर्सी नावाची, माझ्याच वयाची एक बाई मशीनवर बसली होती. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, काम थांबवता येत नव्हतं. तिनं उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. ती बडोद्याच्या धाटणीचं गुजराती बोलत होती, आईकडून शिकलेलं. मग डोळे पुसून आपल्या जागेवर जाऊन बसली, कारण मशीनवरचं कापड रेशमी होतं, त्यावर पाण्याचा डाग पडतो.

मी टेबलाशी उभी राहिले. काय करायचं असतं अशा वेळी? मी आईची मोठी कात्री उचलली आणि नुसतीच उघडत, मिटत राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, "रिकामी कात्री वाजवू नको गं भवाने, भांडनं होतात!"

माझ्या हातातून कात्री पडली. 'ण' चा 'न' झाला होता, पण ओढणं, झटकणं, 'भवाने' वर येणारा तो जोर, सगळं आईचं. मी वळले. मर्सी मान खाली घालून शिवत होती. बोलून गेली हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मी विचारलं, "आ शुं बोल्यां तमे?" हे काय बोललात तुम्ही?

"गुजराती," ती म्हणाली. "मामा रोज बोलतां. आखो दिवस. बस गं, जेव गं, सुई तोंडात धरू नको गं..." एकेक शब्द ती मोजून ठेवल्यासारखा काढत होती. तिच्या शेजारची मुलगी हसून म्हणाली, "मेला दोरा!"

मला हेवा वाटला. खरं सांगायचं तर आधी हेवाच वाटला. मला बेटा म्हणायला लागलेली माझी आई इथं या पोरींवर रोज ओरडत होती. माझ्या वाटणीचं सगळं ओरडणं इथं खर्च झालं होतं. मी म्हणाले, आणि माझा आवाज कडक निघाला, "आ गुजराती नथी. मराठी छे."

"मराठी एटले?"

मराठी म्हणजे काय, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "अमे घरमां बोलीए ने, ते."

मर्सीनं मशीन थांबवलं. चष्मा काढला. "तो मामा अमारी साथे घरनुं बोलतां हतां?"

म्हणजे मामा आमच्याशी घरचं बोलायची? असं ती विचारत होती, आणि विचारताना तिचा चेहरा असा काही झाला की मला पुढे काही कडक बोलवेना. मी हो म्हणाले. मग कात्री उचलून टेबलावर ठेवली, मिटून, आणि तिच्या शेजारचं स्टूल ओढून बसले. ती मला तिच्या परीनं हळू आवाजात तेच शब्द पुन्हा म्हणून दाखवायला लागली, मामा कुठला कधी म्हणायची ते सांगत, आणि मी ऐकत राहिले.